जिन्याखालची बरणी

सोमवार, ४ मार्च

...दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला आणि जिन्याखाली जाऊन आल्याच्या विरजणाच्या बरणीचं फडकं सोडलं. एक चमचा किसलेलं आलं, सालीसकट. एक चमचा साखर. लाकडी चमच्यानं दोनदा ढवळायचं आणि कान लावायचा. आतून बारीक फसफस ऐकू आली की बरणी जिवंत. हे म्हणायचे, "आधी हिला जेवू घाल, मग मला." त्या सकाळीही मी तेच केलं. मग बाटल्यांना ढेकर द्यायला लावलं, म्हणजे तारेची बुचं क्षणभर सैल करून कोंडलेला वारा जाऊ दिला. एक बाटली घरात आणली आणि दोन ग्लासांमधून खालीवर ओतत बसले. चाळीस वेळा. यांचं तोंड आतून सोललेलं होतं, बुडबुडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून सगळा वारा जाईपर्यंत ओतायचं. हे दोन घोट प्यायले. मी उशीचे अभ्रे भिजत घातले. ते पिळायचे राहिले होते तेव्हा हे गेले.

याला एक वर्ष चार महिने झाले. बरणीला मी एक दिवस उपाशी ठेवलं नाही. हे गेले त्या दिवशीसुद्धा नाही. प्यायला कुणी नव्हतं, बाटल्या भरायचं मी बंद केलं होतं. बरणी मात्र चालू होती.

हे सगळं आज लिहायला बसले कारण एक पुरावा राहावा. वही यांच्या सोडा-कारखान्यातली आहे, दर नव्या वर्षी मिळायची, हे कधी काही लिहायचे नाहीत. आता विषय. मागच्या महिन्यात माझी धाकटी जाऊ (भावजी बोटीवर नोकरीला, ही वरच्या मजल्यावर एकटी) खाली आली आणि म्हणाली, "ताई, दादांचं ते जिंजर एल पुन्हा करा ना. पोटाला बरं वाटतं." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कुणीतरी यांची आठवण स्वतःहून काढली. मी आठवड्याला आठ बाटल्या भरायला लागले. दोन तिला, दोन मला, बाकी जिन्याखाली.

आज मोजल्या तर दोन कमी. मागच्या आठवड्यात एक कमी होती. जिन्याखालच्या दाराला कडी आहे, कुलूप नाही. घरात माणसं दोन. त्यातली एक मी.

बुधवार, ६ मार्च

काल धाकटी सकाळी आठला बाहेर पडली. मोठी पिशवी, पायात मोजे, अंगावर जाड शाल. उन्हाचे दिवस आहेत. मी विचारलं, "कुठं गं?" तर म्हणाली, "शिवणाच्या क्लासला." हिला बटण लावता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारीही अशीच गेली होती, तेव्हा म्हणाली होती मैत्रिणीकडे.

संध्याकाळी टॅक्सीनं आली. बसनं जाणारी बाई टॅक्सीनं येते. मी दाराशीच होते. म्हटलं, "काय शिवलंस?" ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "काही नाही ताई, आज नुसती मापं घेतली."

आज दिवसभर खाली आली नाही. वर चार-पाच वेळा पाणी सोडल्याचा आवाज. बाटली आणखी एक गेली आहे.

शनिवार, ९ मार्च

कुठंतरी पाणी मुरतंय, आणि ते औषधांच्या दुकानात मुरतंय.

गुडघ्यांचं मलम आणायला गेले होते. धाकटी तिथं गल्ल्याशी उभी, दुकानदाराशी अगदी हळू बोलत होती. मला बघताच दोघं गप्प. तिनं हातातली पुडी पिशवीत टाकली आणि "येते हं ताई" म्हणून गेलीसुद्धा. दुकानदार चांगला माणूस, यांच्या आजारपणात औषधं घरी आणून द्यायचा. पण चांगल्या माणसावर नजर ठेवायची नाही असं कुठं लिहिलंय?

तो मलम शोधता शोधता म्हणाला, "बाई, तुमच्या त्या जिंजर एलमध्ये नक्की काय काय असतं हो?"

"आलं, साखर, लिंबू, पाणी."

"उकळता?"

"आंबवते. उकळलं तर मरेल ना."

"आणि ती बरणी किती दिवसांची?"

"दिवसांची? सहा वर्षांची आहे."

त्यानं चष्मा काढून पुसला. "सहा वर्षं," म्हणाला. मग, "एका बाटलीला आलं किती पडतं?"

"कशाला? दुकान काढायचंय?"

"दुकान आहेच की," म्हणाला आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही. कृती मागणाऱ्याचं हसू होतं ते. बरणीचं वयसुद्धा विचारलं, म्हणजे जुनं विरजण महाग जातं हे त्याला ठाऊक आहे.

मंगळवार, १२ मार्च

शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं आणि मग वाचनालयात. त्यामुळे छापलेलं सगळंच खरं, असं मी कधी मानलं नाही. पुडीचा कागद अर्ध्या वाक्यात फाटलेला असायचा. उरलेलं अर्धं आपलं आपण ठरवायचं.

वाचनालयातून घरगुती उपचारांचं जाड पुस्तक आणलं. ही दोघं जिंजर एलमध्ये एवढं काय बघतात ते कळावं म्हणून. मी पेन्सिलीनं खुणा करत गेले (नंतर खोडणार आहे). आल्यानं मळमळ थांबते: खूण. प्रवासातली उलटी थांबते: खूण, भावजी बोटीवर नेतात. जड जेवणानंतर पोट हलकं होतं: खूण. सर्दी: वास बरा वाटतो, तेवढंच. सांधेदुखी: पुस्तक म्हणतं, माझे गुडघे म्हणत नाहीत. ताकद येते, तारुण्य टिकतं: ज्यानं लिहिलं त्याचा फोटो मागच्या पानावर आहे. टक्कल.

वारा गेलेलं उरलं तर काय करायचं ते मात्र पुस्तकात नाही. मी त्यात गाजरं शिजवते. केकच्या पिठात पाण्याऐवजी घालते. एकदा नळाची तोटी घासून बघितली, उजळली.

कारखान्याची बाटलीही आणून भिंगातून वाचली. पाणी, साखर, आम्ल, वास. 'आलं' हा शब्द फक्त नावात. हे म्हणायचेच, "अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतल्या, पण आमच्या कारखान्यात आलं आलेलं कुणी बघितलं नाही. पिंपातून नुसता वास यायचा."

रविवार, १७ मार्च

हे लिहिताना कागद फाटायला आलाय. रागानं.

दुपारी तिचे वाळलेले कपडे घेऊन वर गेले. दार लोटलेलं होतं. धाकटी खिडकीपाशी पाठमोरी बसली होती, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला. हल्ली घरातही बांधते, विचारलं तर म्हणते केसांना तेल लावलंय. आठवडाभर तेलच लावतेय का ही? तर तिच्या दोन्ही हातांत ग्लास. या ग्लासातून त्या ग्लासात, त्या ग्लासातून या ग्लासात. माझं जिंजर एल. मी दारात उभी राहून मोजलं. तेवीसपर्यंत मोजलं, त्याआधीचे किती झाले होते देव जाणे.

ही माझी रीत. ती मी कुणाला सांगितली नाही, कुठल्या कागदावर लिहिली नाही. यांच्यापुरती होती. यांच्या खाटेशेजारी बसून मी ओतत असे तेव्हा ही पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असायची, तेव्हाच बघून ठेवलं असणार. आता बिनवाऱ्याचं जिंजर एल म्हणून विकतील. म्हाताऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी.

कपडे उंबऱ्यावर ठेवून मी खाली आले. तिला चाहूलही लागली नाही.

बुधवार, २० मार्च

आता शंका उरली नाही.

दुकानदार स्वतः घरी आला. मी जिन्याखाली बाटल्या पुसत होते. दार किंचित उघडं होतं, पण बरणीला अंधार लागतो म्हणून मी दिवा लावत नाही, त्यामुळे त्यांना मी दिसले नाही. धाकटी जिन्यात आली. त्यानं तिला पुडी दिली. जे ऐकलं ते शब्दन्‌शब्द लिहिते.

तो: "घरचं बंद केलं ना?"

ती: "करते."

तो: "करते नाही. केलं पाहिजे. कारखान्याचं बाटलीबंद चालेल, पण हे बरणीतलं नको. पुढच्या मंगळवारच्या आत बंद."

ती: "त्यांना कसं सांगू? ती बरणी म्हणजे त्यांचा जीव आहे."

तो: "मी सांगू का बाईंना?"

ती: "नको, नको. त्यांना काहीच कळायला नको. सगळं पार पडू दे, मग बघू."

तो: "आणि भावाला, नवऱ्याला? कुणाला तरी सांगा हो."

ती: "जूनमध्ये येतीलच ना ते."

म्हणजे भावजींनाही अंधारात ठेवून! माझं बंद पाडायचं आणि त्या जागी कारखान्याचं गोड पाणी विकायचं. त्याला बरणी संपवायची आहे. हिला ते माहीत आहे, आणि हिला माझी दया येते. दया! दोघं गेल्यावर मी बराच वेळ तिथंच बसले. बरणी हळूहळू फसफसत होती. म्हटलं, घाबरू नकोस.

रविवार, २४ मार्च

आज एक बाटली वेगळी भरली. तिच्यात आलं तिप्पट, सुंठेची पूड, ठेचलेले मिरे, आणि दोन लिंबं. रंग सारखाच दिसतो. मानेला पांढरा दोरा बांधून ती पुढच्या रांगेत ठेवली, तिचा हात नेहमी पोचतो तिथं. तोंड पोळलं की ओरडेल. आणि मी ऐकायला असेन.

हे असते तर म्हणाले असते, "अगं, आडून कशाला? विचार ना तिला." हे फार सरळ होते. म्हणून तर पोटात दुखतंय हे डॉक्टरला सांगायला सात महिने लावले.

मंगळवार, २६ मार्च

गेली. शाल, मोजे, पिशवी. "मापं?" मी विचारलं. "मापं," ती म्हणाली. चेहरा खडूसारखा. पापाच्या कामाला जाताना होतो तसा, असं माझ्या मनात आलं, ते तसंच लिहून ठेवते.

शनिवार, ३० मार्च

तीन दिवस वही उघडली नाही. वर जे लिहिलंय ते खोडणार नाही. पुरावा राहावा म्हणून लिहीत होते, तो राहिला. कुणाविरुद्ध, ते आता कळलं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोऱ्याची बाटली जागेवर नव्हती. मी जिन्याखालीच थांबले. थोड्या वेळानं वर काचेचा आवाज आला, मग काहीतरी जड पडल्याचा. ओरडण्याचा नाही. मी जिना चढले. माझं वाक्य तयार होतं, आणि मी ते बोललेसुद्धा. न्हाणीघराच्या दारातून, कमरेवर हात ठेवून. "काय गं, तिखट आहे का?"

धाकटी फरशीवर बसली होती. भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी तोंड धरून. डोळ्यांतून घळाघळा पाणी. रुमाल सुटून मानेवर आला होता. डोक्यावर एक केस नव्हता. तिच्या हातावर, कोपराच्या आत, सुईच्या जागी तेच हिरवं-काळं. ते मी दीड वर्ष रोज पुसलं आहे. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तिनं हात काढला. ओठ आतून सोललेले. कसंबसं म्हणाली, "ताई, या वेळी आलं जरा जास्त पडलं का हो?"

तिला वाटलं, माझा हात चुकला.

मी तिला तोंडात गार पाणी धरायला लावलं. एकदा, दोनदा, दहादा. ते सगळं माझ्या हातांना येत होतं, मला आठवावं लागलं नाही. मग सांगितलं, "चुकून नाही पडलं. मी मुद्दाम घातलं. मिरे पण घातले."

"का?"

"चोर धरायला."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. हसताना तोंड दुखत होतं म्हणून रडत होती, आणि रडताना हसत होती. "धरलात की. हसवू नका हो, फार झोंबतं."

"आणि दुकानदार? मला वाटलं तुम्ही दोघं माझी कृती विकणार."

"तो? ताई, त्याला चहा करता येत नाही."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. गुडघे कडकडले. विचारलं, "कधीपासून?"

"जानेवारीत कळलं. सहा वेळा जायचंय, तीन झाल्या. ताई, दादांना उशीर झाला होता. मला उशीर नाही म्हणाले."

या वाक्याचाही मला संशय आहे. डॉक्टर यांनाही आधी काहीबाही चांगलंच म्हणायचे. पण मी तिला हे बोलले नाही. इथं लिहिते.

"मला सांगायचं नाहीस?"

तिनं मानेवरचा रुमाल परत डोक्याला बांधला. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात, वर्ष झालं तरी हाताचा तो वास जात नाही. मी त्याच हातांपुढे परत कसं येऊ? आणि कारखान्याचं पोटात राहत नाही, नुसती साखर. तुमचं राहतं. दोन बाटल्या पुरत नव्हत्या. जास्त मागितल्या असत्या तर तुम्ही विचारलं असतंत. म्हणून चोरल्या."

"वेडी आहेस."

"घराणंच तसं आहे," ती म्हणाली.

तिला झोपवून मी तशीच औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझा चेहरा बघितला आणि फळीवरचं स्टूल पुढे केलं. मी म्हटलं, "आता नीट सांगा. बरणीत वाईट काय आहे?"

तो म्हणाला, "तुमच्या-माझ्यासाठी काही नाही. पण तिच्या अंगात सध्या लढायची ताकद नाही. बरणी जिवंत आहे म्हणता ना? जिवंत तेच नको. डॉक्टरांनीही तिला तेच सांगितलंय. आलं चालेल, पण थोडं, आणि खळखळून उकळलेलं. करायच्या आधी त्यांना विचारून घ्या."

"भांडी?"

"उकळत्या पाण्यानं धुतलेली. आणि ते विरजण घरात नसलेलंच बरं. तुमचे हात त्यात, तेच हात तिच्या ग्लासाला."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "यांना मी रोज त्यातलंच देत होते," म्हटलं. "शेवटच्या सकाळीसुद्धा."

तो म्हणाला, "बाई, ते त्यानं गेले नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

यांच्या वेळी मी कुणालाही विचारलं नव्हतं. हे मी लिहून ठेवते आणि पुढे काही लिहीत नाही.

त्यानंच धाकटीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. उकळलेलं, गाळलेलं, पातळ, एका वेळी अर्धा ग्लास. चालेल म्हणाल्या. पुढची तारीख सोळा एप्रिल, मंगळवार. बरोबर कोण येणार, विचारलं. मी म्हटलं, मोठी जाऊ.

घरी येऊन जिन्याखाली गेले. फडकं सोडलं, कान लावला. फसफसत होती. संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. धाकटीनं वरून हाक मारली, "ताई, रुसलात का?" मी म्हटलं, "नाही गं, आवरतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवलं, गॅस बारीक केला आणि बरणी मोरीत रिकामी केली. उकळत्या पाण्यानं ती तीनदा धुतली. आल्याचे चार काप पाण्यात खळखळून उकळले, ते पाणी गाळून निववलं, आणि दोन ग्लास घेऊन वर गेले. वारा नव्हताच त्यात, तरी तिच्या खाटेशेजारी बसून चाळीस वेळा ओतलं.